उजेडाची कणगी

सातपुड्यातल्या घरात धान्य दोन जागी असते. रोजच्या भाकरीपुरते पीठ चुलीजवळच्या डब्यात, आणि वर्षाची ज्वारी-मका बांबूच्या, शेणामातीने लिंपलेल्या कणगीत. डब्यात वर्ष मावत नाही आणि कणगी काही रोज उघडायची नसते. दोन्हींचे काम वेगळे, म्हणून घरात दोन्ही लागतात. विजेच्या साठवणुकीची चर्चा आज जोरात आहे, पण हा साधा भेद तिच्यात हरवतो. बॅटरी चांगली की हायड्रोजन, असा सामना लावला जातो. म्हणजे डबा बरा की कणगी बरी, असे विचारल्यासारखे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा या डोंगरी तालुक्यांचा विचार करताना मला या प्रश्नाचे उत्तर असे दिसते: पाड्याच्या स्वयंपूर्ण विजेत हायड्रोजनला जागा आहे, पण ती पंगतीत शेवटची आहे. आधी नाला, मग सूर्य, मग बॅटरी आणि त्यानंतर हायड्रोजन. शिवाय ही कणगी कोण भरतो, कोण उघडतो आणि बिघडली तर कोण दुरुस्त करतो, हे ठरल्याशिवाय यंत्र कितीही चांगले असले तरी ते टिकणार नाही.

या विचाराची सुरुवात बिलगावपासून करायला हवी. अक्राणी तालुक्यातल्या या गावी उदई नदीच्या धबधब्यावर २००३ मध्ये १५ किलोवॉटचे छोटे जलविद्युत केंद्र सुरू झाले. केरळातल्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’ या गटाच्या अभियंत्यांनी ते आखले, नर्मदा बचाव आंदोलनाने माणसे जोडली आणि बांधकामाला गावकऱ्यांचे श्रमदान लागले. सुमारे १८० घरांत दिवे लागले. १५ किलोवॉट म्हणजे घरामागे जेमतेम ८३ वॉट, शहरातल्या एका छताच्या पंख्याइतके. पण पाणी रात्रीही वाहते. केंद्र पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले, तर दिवसाला ३६० युनिट होतात, म्हणजे घरामागे दोन. दिवा, मोबाइल, पंखा आणि गावच्या गिरणीसाठी हे पुष्कळ आहे. ‘स्वदेस’ या २००४ च्या चित्रपटातल्या वीजनिर्मितीच्या कथेमागे बिलगावची प्रेरणा होती. प्रेक्षकांनी तो दिवा पाहिला, आणि दोनच वर्षांनी, २००६ च्या पावसाळ्यात, नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचे पाणी चढले व बिलगावचे केंद्र त्याखाली गेले. त्याआधी डोमखेडीत झालेला असाच लहान प्रयोगही पाण्यातच गेला होता.

बिलगावची आठवण हळहळण्यासाठी काढलेली नाही. तिच्यात आपल्या प्रश्नाचा पुरावा आहे. सरदार सरोवराची स्थापित क्षमता १,४५० मेगावॉट, आणि तिच्यातला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावे बाधित झाली. जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला, शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत आणि शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. म्हणजे या टापूत वीज तयार होत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. पाणी आहे, वारा आहे, ऊन तर आहेच. उणीव आहे ती तयार झालेली वीज इथे थांबण्याची. ती उच्च दाबाच्या तारांवर चढते आणि मागणी असेल तिकडे जाते. उलट दिशेने येणारी तार मात्र घाट, जंगल आणि दऱ्या ओलांडून एका लांबलचक फिडरच्या टोकाला पोहोचते, आणि वादळात एखादे झाड पडले की टोकाचा पाडा पहिला अंधारात जातो व सर्वांत शेवटी उजळतो. म्हणून ‘स्वयंपूर्ण’ या शब्दाचा अर्थ मी तार तोडून वेगळे राहणे असा घेत नाही. तार तुटली तरी गावातले अत्यावश्यक काम थांबू नये, इतकाच अर्थ घेतो. लशींचा फ्रीज २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावा, बाळंतपणाच्या खोलीत दिवा असावा, पाण्याचा पंप चालावा, आश्रमशाळेतली मुले संध्याकाळी वाचू शकावीत. हा अर्थ धरला की साठवण किती हवी आणि कशात हवी, याचा हिशेब करता येतो.

हिशेबाची पहिली ओळ निसर्गानेच लिहून ठेवली आहे. सातपुड्यात उन्हाचा आणि पाण्याचा हंगाम एकमेकांना पूरक आहे. नोव्हेंबर ते मे आकाश बहुतेक निरभ्र असते आणि सौर पटले भरपूर वीज देतात. जून ते सप्टेंबर ढग उतरतात तेव्हा तेच नाले भरून वाहू लागतात. पटलांची वीज घटते त्याच दिवसांत बिलगावसारखे छोटे केंद्र जोरात चालते. ज्या पाड्याजवळ पुरेशा उंचीवरून पडणारा नाला आहे, त्याला हायड्रोजनचा विचारही करण्याची गरज नाही. त्याची कणगी डोंगरानेच भरून ठेवली आहे. तिथे रात्रीपुरती बॅटरी, दिवसा सूर्य आणि पावसाळ्यात नाला, एवढ्यावर वर्ष निघते. प्रश्न उरतो तो धारेवरच्या पाड्यांचा, जिथे पाणी खाली दरीत असते आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस ढग हलत नाहीत. तिथे उन्हाळ्याचे ऊन पावसाळ्यासाठी राखून ठेवायचे असेल, तर बॅटरीपेक्षा वेगळे साधन लागते.

ते साधन म्हणजे हायड्रोजन, आणि त्याची तत्त्वे जुनी आहेत. पाण्यातून वीज सोडली की त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात. या यंत्राला इलेक्ट्रोलायझर म्हणतात. हायड्रोजन टाकीत भरून ठेवायचा. हवी तेव्हा तो इंधनघटात, म्हणजे फ्युएल सेलमध्ये, हवेतल्या ऑक्सिजनशी जोडायचा. वीज मिळते आणि मागे पाणी उरते. एक किलो हायड्रोजन करायला आजच्या यंत्रांत सुमारे ५० ते ५५ युनिट वीज आणि शुद्ध केलेले नऊ-दहा लिटर पाणी लागते. त्या एका किलोतून इंधनघट साधारण १६ युनिट परत देतो. म्हणजे तीनाहून अधिक युनिट घालावे तेव्हा एक हाती येते. लिथियम बॅटरी मात्र शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद परत करते. एवढा तोटा असताना कोणी हायड्रोजन का वापरावा? कारण टाकीतला हायड्रोजन महिनोन्‌महिने टिकतो, आणि साठा वाढवायचा झाला तर फक्त टाकी वाढवावी लागते. बॅटरीत दुप्पट साठ्यासाठी दुप्पट बॅटरी घ्यावी लागते, आणि पावसाळ्यातल्या वीस दिवसांसाठी घेतलेली ती महाग बॅटरी उरलेले वर्ष जवळजवळ रिकामी बसते.

आकडे मांडून पाहू. शंभर घरांचा पाडा धरू. घरामागे दिवसाला एक युनिट. त्यावर शाळा, उपकेंद्र, पिठाची गिरणी आणि पाण्याचा पंप मिळून ५० युनिट. एकूण गरज १५० युनिट. ६० किलोवॉटची सौर पटले स्वच्छ दिवसात किलोवॉटमागे सव्वाचार युनिटच्या हिशेबाने २५५ युनिट देतील. रात्रीसाठी बॅटरी भरून आणि तिचा तोटा सोसूनही रोज शंभरेक युनिट उरतात. पावसाळ्यातल्या गडद दिवसांत मात्र हीच पटले गरजेच्या निम्मेच देतात असे धरू, म्हणजे रोज ७५ युनिटची तूट. असे वीस दिवस आले तर तूट १,५०० युनिटची. ती हायड्रोजनने भरायची तर साधारण ९४ किलो लागेल. तो तयार करायला ५,००० युनिट, म्हणजे कोरड्या हंगामातल्या पन्नास दिवसांची शिल्लक. आणि तो हंगाम तर दोनशे दिवसांचा असतो. पाणी लागेल हजारेक लिटर, वर्षभरात मिळून, म्हणजे दिवसाला हंडाभरही नाही. तेव्हा पाणीटंचाईच्या भागात हायड्रोजन पाणी पळवील, ही भीती या प्रमाणात तरी खरी नाही. साठा तीस पट वायुदाबावर ठेवला तर सुमारे ४० घनमीटर टाकी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे चार पाण्याचे टँकर शेजारी शेजारी उभे केल्याइतकी. पाड्याच्या वर्षभराच्या राखीव उजेडाचे वजन असे एका क्विंटलच्या आत येते. क्विंटल हे माप शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

याच आकड्यांवर सर्वांत धारदार आक्षेप उभा राहतो. कोणी म्हणेल, एवढी यंत्रे कशाला? सौर पटले आता स्वस्त झाली आहेत. ६० ऐवजी १२० किलोवॉट लावा, म्हणजे गडद दिवसातही १५० युनिट मिळतील. हा आक्षेप बरोबर आहे, आणि मी तो मान्य करतो. ६० किलोवॉटला साधारण सहा गुंठे जागा लागते, १२० ला बारा. बारा गुंठे पाड्याला मिळणे अशक्य नाही. म्हणून नाल्यानंतर आणि बॅटरीच्या बरोबरीने, जादा पटले हाच पहिला उपाय आहे. पण त्यानंतरही दोन गोष्टी उरतात. सलग काही दिवस आकाश पार काळवंडते तेव्हा दुप्पट पटलेही हात टेकतात. अशा वेळी घरच्या पंख्यावाचून चालेल, बाळंतपणाच्या खोलीचे आणि लशींच्या फ्रीजचे चालणार नाही. दुसरे असे की दुप्पट पटले कोरड्या हंगामात दुपटीहून अधिक शिल्लक तयार करतील. तिच्यावर आधी गिरणी चालवावी, पाणी वर चढवावे, मिरची-महू वाळवावे, बर्फ करावा. विजेचे जे काम उन्हातच उरकते ते सर्वांत स्वस्त. त्यातूनही जे उरेल ते एरवी वायाच जाणार असते; ते कणगीत गेले तर तीनास एक या तोट्याचे दुःख करण्याचे कारण राहत नाही. फुकट जाणाऱ्या धान्यातले पायलीभर जरी दुष्काळासाठी राखता आले, तरी शहाणे घर ते राखते. हायड्रोजनचे मोल म्हणूनच कार्यक्षमतेच्या टक्क्यांत मोजू नये. अंधारात न गेलेल्या दिवसांत मोजावे. आणि त्या मापाने त्याची पहिली जागा प्रत्येक पाड्यावर नाही. ती याच तालुक्यांतल्या धडगाव-मोलगीसारख्या ठिकाणच्या रुग्णालयांत, दुर्गम आरोग्य केंद्रांत आणि आश्रमशाळांत आहे.

हे सारे कागदावरचे आहे का? नाही. डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह या खेड्यात पॉल ला कूर या शिक्षकाने १८९१ मध्ये पवनचक्कीवर वीज करायला सुरुवात केली आणि ती साठवण्यासाठी त्याच विजेने पाणी फोडून हायड्रोजन केला. १८९५ ते १९०२ या काळात तिथल्या लोकशाळेत हायड्रोजनचे दिवे जळत होते. पुढे भारतीय नागरिक झालेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२३ मध्ये केंब्रिजच्या भाषणात पवनचक्क्या आणि हायड्रोजनचे साठे यांवर चालणाऱ्या इंग्लंडचे चित्र रेखाटले. २००४ मध्ये नॉर्वेच्या उत्सिरा बेटावर दहा घरांना वारा आणि हायड्रोजन यांवर वीज देण्याचा प्रयोग सुरू झाला. वारा पडला तर साठा दोन-तीन दिवस पुरे. घरे उजळली, पण साठा तोकडा आणि हायड्रोजनचे इंजिन उधळे, हा धडाही तिथेच मिळाला. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडच्या ब्र्यूटेन गावी नऊ कुटुंबांची इमारत उभी राहिली, जी उन्हाळ्याचे ऊन हायड्रोजनच्या रूपाने हिवाळ्यासाठी राखते. रेयुनियन बेटावरच्या माफात खोऱ्यात पायी किंवा हेलिकॉप्टरनेच पोहोचता येते. तिथल्या ला नुव्हेल वस्तीत सूर्य, बॅटरी आणि हायड्रोजन यांची सांगड घातली गेली. आपल्या सातपुड्याला सर्वांत जवळचे उदाहरण हेच. भारतात एनटीपीसीने २०२१ मध्ये विशाखापट्टणमजवळच्या सिंहाद्री येथे २४० किलोवॉटचा इलेक्ट्रोलायझर आणि ५० किलोवॉटचा इंधनघट असलेला प्रकल्प जाहीर केला, आणि लडाखमधल्या चुशूलला सैन्यासाठी २०० किलोवॉटची सौर-हायड्रोजन व्यवस्था हाती घेतली. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी विकसित केलेली इंधनघटाची बस २०२२ मध्ये लोकांपुढे आली. थोडक्यात, विद्या आहे आणि तिचा काही भाग महाराष्ट्रातच आहे.

धोक्याबद्दल मात्र पडदा न ठेवता बोलले पाहिजे. हायड्रोजनला वास नाही, त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, आणि बांबू-कुडाच्या घरांच्या वस्तीत ठिणगी म्हणजे काय हे सांगायला नको. ला कूरच्या हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळून स्फोट झाले आणि शाळेच्या खिडक्या पुन्हा बसवाव्या लागल्या. सव्वाशे वर्षांनी, मे २०१९ मध्ये, दक्षिण कोरियाच्या गँगनुंग शहरात सौर विजेवर हायड्रोजन करणाऱ्या प्रायोगिक केंद्रातली टाकी फुटली आणि दोघांचा जीव गेला. कारण तेच निघाले: टाकीत ऑक्सिजन मिसळला होता. ढग येताच सौर वीज घटते, इलेक्ट्रोलायझर अर्धपोटी चालतो आणि अशा वेळी दोन वायू एकमेकांत झिरपण्याचा धोका वाढतो. यातून शिकायचे ते स्पष्ट आहे. इलेक्ट्रोलायझरला वीज थेट पटलांवरून न देता बॅटरीच्या आडोशाने, एकसारखी द्यावी. ऑक्सिजनचे प्रमाण सतत मोजणारा संवेदक असावा, आणि तो बंद पडला तर यंत्रही आपोआप बंद व्हावे. टाकी वस्तीपासून लांब, उघड्यावर असावी; हायड्रोजन हवेपेक्षा खूप हलका असल्याने छप्पर नसेल तर गळती वर निघून जाते. दाब कमी ठेवावा. धातूच्या भुकटीत हायड्रोजन शोषून ठेवण्याची पद्धतही आहे, जिच्यावर बनारस हिंदू विद्यापीठात दीर्घकाळ काम झाले. हे सगळे करता येते, पण रोज लक्ष देणारे शिकलेले माणूस जागेवर असेल तरच. म्हणून सुरुवात विखुरलेल्या पन्नास पाड्यांत करू नये. एका रुग्णालयात करावी, वर्ष-दोन वर्षे मोजमाप करावे आणि मगच पुढे जावे.

आणखी एक आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. घरोघरी वीजजोडणी देणारी सौभाग्य योजना २०१७ मध्ये आली, तारा पोहोचत आहेत. मग दुर्गम पाड्यांनाच अशा प्रयोगांवर का बसवायचे? शहराला खरी वीज आणि आदिवासीला सौर दिवा, हा भेद नाही का? बिहारमधल्या धरनई गावात २०१४ मध्ये १०० किलोवॉटची सौर व्यवस्था वाजतगाजत सुरू झाली. गावकऱ्यांनी ‘असली बिजली’ मागितली, तार आली, आणि पुढे बॅटऱ्या संपल्यावर ती व्यवस्था बंद पडली. या मागणीत चूक काहीच नव्हते. तार हा पाड्याचा हक्क आहे, आणि स्थानिक साठवण हे तो हक्क टाळण्याचे निमित्त होता कामा नये. माझे म्हणणे उलट आहे. तार यावीच, आणि ती तुटेल तेव्हा गाव स्वतःच्या बळावर उभे राहावे. उरलेली वीज तारेवर सोडता यावी आणि तिचे पैसे गावाला मिळावेत. धरनईचा खरा धडा असा की बॅटरी मरणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असते, पण नवी घेण्याचा पैसा आणि ती बसवणारा हात, यांची तजवीज कोणी केलेली नसते. हायड्रोजनची यंत्रे बॅटरीहून नाजूक आहेत. ही तजवीज नसेल तर त्यांचे लोखंडी सांगाडेच उरतील.

या तजविजीला कायद्याचा आधार आहे, तो वापरला पाहिजे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे. एका सोयीस एक हेक्टरपेक्षा कमी, आणि तीही ग्रामसभेच्या शिफारशीने. त्या सोयींच्या यादीत शाळा, दवाखाना, विजेच्या तारा यांबरोबर अपारंपरिक ऊर्जास्रोतही आहे. वीज कायदा, २००३ नुसार अधिसूचित ग्रामीण भागात वीज निर्माण करून तिथेच वाटायची असेल तर परवाना लागत नाही. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला स्थान दिले आहे. जागा आणि अधिकार यांची वाट अशी मोकळी आहे. कमी आहे ती माणसे शिकवण्याची. ला कूरने १९०४ पासून खेड्यातल्या तरुणांना वीजतंत्र शिकवायला सुरुवात केली, आणि त्याच्या प्रयोगांपेक्षा त्या तरुणांनी डेन्मार्कच्या खेड्यांत अधिक उजेड नेला. बिलगावची वीज आखणाऱ्या गटाच्या नावातही ‘स्कूल’ आहे, आणि आंदोलनाने नर्मदेकाठी जीवनशाळा चालवल्या, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. धडगाव-अक्कलकुव्यातल्या मुलामुलींना जवळच्या आयटीआयमध्ये सौर, बॅटरी आणि हायड्रोजन यांची देखभाल शिकवली, आणि प्रत्येक केंद्राच्या खर्चात दहा वर्षांची दुरुस्ती आधीच धरली, तर कणगी राखणारा माणूस पाड्यातलाच असेल.

पैसा नाही असेही नाही. केंद्राच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर झाले, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठरले. महाराष्ट्राने त्याच वर्षी ८,५६२ कोटींचे हरित हायड्रोजन धोरण स्वीकारले. या धोरणांचे लक्ष खतकारखाने, तेलशुद्धीकरण आणि पोलाद यांच्याकडे आहे, आणि ते योग्यही आहे, कारण कारखान्यांना तोच हायड्रोजन थेट लागतो. पण लाखो टनांच्या त्या हिशेबात एका क्विंटलची ओळ लिहायला कितीसा खर्च येणार? नर्मदेवरच्या मोठ्या वीजप्रकल्पासाठी ज्या जिल्ह्याने ३३ गावांचे मोल दिले, त्याला ती ओळ मागण्याचा अधिकार आहे. बिलगावच्या लोकांनी १५ किलोवॉटमध्ये दाखवून दिले की आदिवासी गाव फक्त वीज मागत नाही, ती करते, वाटते आणि राखते. त्यांचे केंद्र यंत्र बिघडून थांबले नाही. ते बुडवले गेले. म्हणून सातपुड्यात पुन्हा साठवणुकीचे काही उभारायचे असेल तर ते धारेवर, पाण्याच्या वर उभारावे, ग्रामसभेच्या नावावर उभारावे, आणि पहिली जोडणी त्या खोलीला द्यावी जिथे पावसाळ्याच्या रात्री एखादी बाई बाळंत होत असेल.